वृक्षछाटणीची गाडी: निवड आणि निगा

वैशाख सरत आला आणि दुपार उलटल्यावर वळवाचे वारे सुटू लागले, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात दोन खात्यांचे लोक एकाच सुमारास झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला रस्त्यावर कोसळू पाहणाऱ्या फांद्यांची धास्ती असते आणि महावितरणला तारांना टेकलेल्या फांद्यांची. सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या काळात रस्त्यांच्या कडेने लावलेले गुलमोहर, सोनमोहर, काशीद आणि पर्जन्यवृक्ष आता घरांच्या गच्च्यांवरून पलीकडे डोकावू लागले आहेत. छावणीतल्या आणि जुन्या शहरातल्या वड, चिंच, कडुनिंबांचे वय तर त्यांहूनही पुष्कळ अधिक आहे. या झाडांपर्यंत माणसाला सुखरूप नेणारी आणि कापलेले लाकूड वाहून नेणारी जी वाहने, त्यांच्याविषयी सामान्य नागरिक सहसा विचार करीत नाही. तो त्याने करावा असे मला मनापासून वाटते, कारण झाडाची छाटणी कशी होणार हे करवतीच्या धारेपेक्षाही त्या गाडीवर अधिक अवलंबून असते.

शिडीची गाडी ठेंगणी असली, किंवा तिचा हात बाजूला पुरेसा पसरत नसला, तर पाळण्यात उभा असलेला मनुष्य जिथे छाटायला हवे तिथे न छाटता जिथे हात पोचतो तिथे छाटतो. गाडी रस्त्यावर उभी असते, म्हणून रस्त्याच्या बाजूच्या फांद्या उतरतात आणि कुंपणाच्या बाजूचा सगळा भार तसाच राहतो. असे एकांगी झालेले झाड पुढच्याच वादळात कुणाच्या तरी भिंतीवर आडवे झाले, की लोक वादळाला आणि झाडाला दोष देतात, गाडीला कोणी देत नाही. दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कड असते. त्या कडेच्या लगत, पण तिला न दुखावता, बाहेरून काप घेतला तर झाड हळूहळू ती जखम नव्या सालीने वेढून टाकते. हात पोचला नाही म्हणून हातभर खुंट सोडला तर तो खुंट कुजतो, कूज खोडात उतरते, आणि त्याच्या टोकाशी फुटलेले दाट धुमारे वरवर हिरवे दिसले तरी त्यांचा सांधा कमकुवत असतो. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दाच्या अर्थात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोचवणे हेही येते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षांचा दर्जा मिळाला. वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी कागदावर कितीही विचारपूर्वक दिलेली असली तरी तिची अंमलबजावणी शेवटी त्या पाळण्याच्या टोकाशी होते.

हे यंत्र मुळात झाडांसाठीच जन्माला आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जे आयटेल या गृहस्थाने १९४४ च्या सुमारास चेरीची फळे उतरवताना शिडी पुन्हा पुन्हा हलवावी लागू नये म्हणून लांबणाऱ्या हाताचे वाहन रचले, आणि आजही तिकडे या गाड्यांना चेरी वेचणारी असेच नाव आहे. विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारांचे जाळे वाढले तशी तारांखालची झाडे राखणारी मंडळी या यंत्राची मोठी गिऱ्हाईक झाली. आपल्याकडे ते रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्या खात्यांच्या वाटेने आले, आणि मला वाटते इथेच एक घोटाळा होऊन बसला. दिव्याचा खांब सरळ असतो, ठरलेल्या उंचीचा असतो आणि रस्त्याच्या कडेलाच असतो, म्हणून दिव्यासाठी घेतलेली गाडी झाडाला चालेलच असे गृहीत धरले गेले.

खरेदीच्या निविदेत बहुधा एकच आकडा ठळकपणे लिहिलेला असतो, तो म्हणजे उंचीचा. त्या आकड्याविषयी पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की उत्पादक जिला ‘कामाची उंची’ म्हणतात ती पाळण्याच्या तळाची उंची नसते. तळाच्या उंचीत उभ्या माणसाच्या हाताची पोच म्हणून सुमारे दोन मीटर मिळवून तो आकडा छापलेला असतो. बारा मीटरची म्हणून घेतलेली गाडी माणसाचे पाय दहा मीटरवरच नेते. दिवा बदलताना हात डोक्यावर नेता येतो. चेनसॉ खांद्याच्या वर धरून चालवणे मात्र या धंद्यात निषिद्धच मानले पाहिजे, कारण करवतीचे टोक लाकडाला अडखळून उसळले तर ती थेट चेहऱ्यावर येते. तेव्हा झाडासाठी ते दोन मीटर हिशेबातून वजा करूनच विचार करावा.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा आकडा बाजूच्या पोचीचा. पूर्ण वाढलेल्या पर्जन्यवृक्षाचा घेर वीस मीटरपर्यंत सहज जातो. गाडी रस्त्याच्या कडेला, बुंधा पदपथावर, आणि छाटायची फांदी बुंध्याच्या पलीकडे घराच्या गच्चीवर, अशी स्थिती असली तर चौदा मीटर उंच जाणारी पण बाजूला चारच मीटर पसरणारी गाडी निरुपयोगी ठरते. प्रत्येक यंत्राबरोबर एक आलेख येतो, त्यात कोणत्या उंचीवर हात किती बाहेर नेता येतो आणि तेव्हा पाळण्यात किती वजन चालते हे वक्ररेषांनी दाखवलेले असते. खरेदीसमितीने माहितीपुस्तिकेवरचे रंगीत चित्र बाजूला ठेवून हा आलेख पुढ्यात घ्यावा, आणि शहरातल्या दहा-वीस अवघड झाडांची मापे घेऊन ती त्यावर मांडून पाहावीत. सरळ लांबत जाणारा हात मोकळ्या रस्त्यावर उत्तम. परंतु मध्ये तारा, कुंपण किंवा दुसऱ्या झाडाची फांदी असेल तर कोपरात दुमडणारा हात लागतो, जो आधी वर जाऊन मग पलीकडे उतरतो. आपल्या वसाहतींत, जिथे तार आणि झाड एकाच पदपथाचा आश्रय घेतात, तिथे माझा कल निःसंशय दुमडणाऱ्या हाताकडे आहे.

आता पायाकडे वळू, कारण ही वाहने पडतात ती बहुतेक खालून. हात पसरला की गाडीचा तोल एका बाजूच्या जॅकवर येतो. समजा एका पायावर पाच टनांचा भार आला आणि त्या पायाची थाळी वीस सेंटिमीटर चौरस असली, तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर साडेबारा किलोंचा दाब पडतो. मराठवाड्यातली काळी माती कोरडी असताना दर चौरस मीटरला साधारण पंधरा टन पेलते असे बांधकामाच्या शास्त्रात धरतात, म्हणजे सेंटिमीटरच्या हिशेबाने दीड किलो. तेव्हा हा पाय त्या मातीत रुतणार हे सांगायला अभियंता नको. त्याच पायाखाली साठ सेंटिमीटर चौरस जाड फळी घातली तर दाब चौरस मीटरला चौदा टनांच्या जवळ येतो, म्हणजे कोरड्या मातीत जेमतेम निभावतो. पहिला पाऊस झाल्यावर ही माती फुगते आणि मऊ होते, आणि मग तो जेमतेमपणाही उरत नाही. फळी आणखी मोठी हवी किंवा गाडी पक्क्या डांबरावर उभी करायला हवी. आपल्या शहराचा काही भाग काळ्या पाषाणावर आणि मुरुमावर वसलेला आहे, काही भाग पूर्वीच्या शेतांवर, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर शंभर पावलांच्या अंतरात सापडतात. म्हणून फळ्या गाडीचा अविभाज्य भाग समजाव्यात; त्या गोदामात राहिल्या तर गाडी अपुरी समजावी.

जुन्या शहरात जमिनीखालची आणखी एक गोष्ट जपावी लागते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली आणि पुढे शहराला पाणी पुरवण्यासाठी भूमिगत नहर बांधली. तिला आणि तिच्यानंतरच्या नहरींना चारशे वर्षांचा इतिहास आहे. त्या दगड-विटांच्या पोकळ्या आजही कित्येक ठिकाणी पायाखाली आहेत. त्यांवर बैलगाडीचा भार येईल असे बांधणाऱ्यांनी धरले असेल, एकाच बिंदूवर येणारा पाच टनांचा भार त्यांच्या कल्पनेतही नव्हता. पाणचक्की, भडकल दरवाजा, बेगमपुरा या बाजूला काम काढताना गटारे, चेंबर आणि नहरींच्या मार्गाचा नकाशा गाडीत असणे हा केवळ वारशाचा प्रश्न नव्हे, पाळण्यातल्या माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

मकाई दरवाजा किंवा महेमूद दरवाजा यांच्या कमानी आणि गुलमंडी, जुना बाजार, शहागंज इथले बोळ मोठ्या गाडीला वाट देत नाहीत. अशा ठिकाणी अलीकडे परदेशांतून पट्ट्यांवर चालणारी, कोळ्यासारखे चार पाय पसरणारी छोटी यंत्रे येतात. ती मीटरभर रुंदीच्या दारातून आत जातात आणि अंगणात उभी राहून पंधरा मीटरपर्यंत हात नेतात. किंमत जबर आहे, आणि तशी एखादी विभागीय पातळीवर सामायिक ठेवता आली तर ठेवावी. परंतु जिथे यंत्र जात नाही तिथे दोर, कंबर-खांद्याचा पट्टा आणि शिरस्त्राण घालून चढणारा निष्णात माणूस हाच योग्य मार्ग आहे, आणि त्याला कमी लेखू नये. यंत्र सर्वत्र श्रेष्ठ असते असे नाही. निषेध करायचा तो जेसीबीच्या खोऱ्यात किंवा हायड्राच्या हुकाला टांगलेल्या पिंपात माणूस उभा करण्याच्या रिवाजाचा. ती यंत्रे माती आणि माल उचलण्यासाठी आहेत. नळी फुटली तर त्यांचा हात खाली येऊ न देणारी खास झडप, पाळणा सदैव सपाट ठेवणारी जोडणी आणि वरच्या माणसाच्या हातात असलेली कळ, यांपैकी माणसासाठी आवश्यक असलेले काहीच त्यांत गृहीत धरलेले नसते. घाईच्या दिवसांत हा प्रकार गावोगाव सर्रास चालतो, आणि मजुराच्या जिवाची किंमत एवढी स्वस्त धरली जावी याचे मला अतिशय दुःख होते.

लाकूड वाहून नेणाऱ्या गाडीचा विचार त्या मानाने सोपा आहे. पालेदार फांद्या जागा फार घेतात आणि वजन थोडे देतात. ओले ओंडके नेमके उलटे वागतात. तीस सेंटिमीटर व्यासाचा तीन मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे दोनशे किलोंचा भरतो, म्हणजे टाटा ४०७ सारख्या, दोन-अडीच टन वाहणाऱ्या गाडीत असे दहा-बारा ओंडके झाले की भार पुरा झाला, मग हौदा अर्धा रिकामा का दिसेना. फांद्यांसाठी उंच जाळीचा हौदा, ओंडक्यांसाठी उलटणारा टिपर आणि जमल्यास फांद्यांचा चुरा करणारे यंत्र मागे जोडलेले, अशी विभागणी सर्वांत किफायतशीर पडते. चुरा केल्याने फेऱ्या कमी होतात आणि तो बागांतल्या झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घालता येतो. आणखी एक तजवीज कागदोपत्री करावी लागते. गाडीच्या सांगाड्यावर शिडी बसवणे हा वाहनातला बदल आहे आणि तो परिवहन कार्यालयाच्या नोंदीत यावा लागतो. व्यापारी वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी नवे करावे लागते. आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. शिडी अजून चांगली आहे म्हणून जुना सांगाडा ओढत राहण्याची सोय आता उरलेली नाही. खरेदीच्या दिवशीच या पंधरा वर्षांचा हिशेब मांडावा.

विजेच्या बाबतीत तडजोड संभवत नाही. काचतंतूंचा विद्युतरोधक हात असलेली गाडी आणि साधी लोखंडी गाडी दिसायला सारख्या असतात, आणि लोखंडी गाडी तारेजवळ गेली तर पाळण्यातल्याबरोबरच गाडीला टेकून उभा असलेला खालचा माणूसही सापडतो. अमेरिकेतले नियम पन्नास हजार व्होल्टपर्यंतच्या तारांपासून निदान दहा फूट अंतर राखायला सांगतात. आपल्या वसाहतींतून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या वाहिन्यांनाही ते अंतर लावावे. त्याहून जवळ काम असेल तर महावितरणकडून वाहिनी बंद करून घ्यावी, आणि बंद केल्यावरही वायरमनने ती जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावू नये, कारण एखाद्या घरातले जनित्र किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीने त्याच तारेत उलट प्रवाह सोडू शकते. रोधक हात घेतला म्हणून निर्धास्त होणेही बरोबर नव्हे. त्यावर धूळ आणि तेल साचले, कुणी दिवा लावण्यासाठी भोक पाडले, किंवा वर्षातून एकदा त्याची विद्युतचाचणी झाली नाही, तर तो रोधक आहे हे केवळ त्याच्या रंगावरून मानण्यासारखे होते.

निगेची पहिली अडचण हिशेबाच्या वहीत आहे. आपल्याकडे वाहनाची नोंदवही किलोमीटर आणि डिझेल यांचीच असते, आणि तेल बदलण्याची वेळ किलोमीटरवरून ठरते. शिडीची गाडी दिवसाला पंधरा किलोमीटर जाते आणि सहा तास एका जागी इंजिन चालू ठेवून पंप फिरवते. एका तासाची ही उभी चाल साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरच्या धावेइतकी झीज करते असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे वहीत पंधरा किलोमीटर लिहिलेल्या दिवशी इंजिनाने अडीचशे-तीनशे किलोमीटरांचे काम केलेले असते. तासांचा मापक बसवून घेऊन त्यावरच सगळी वेळापत्रके बांधावीत. एप्रिल २०२० नंतरच्या, धुराविषयीच्या नव्या निकषांच्या गाड्यांना हे अधिकच लागू आहे. त्यांच्या धुराड्यातली काजळी अडवणारी गाळणी उभ्या चालीत तुंबते, आणि ती जाळून मोकळी करण्यासाठी गाडीला मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वेगाने नेणे किंवा ठरलेली कळ दाबून गाळणी साफ करून घेणे आवश्यक असते. चालकाला हे कुणी सांगितले नाही तर तो पिवळा दिवा लागलेला पाहतो आणि काम चालू ठेवतो.

झाडांचा स्वतःचाही यंत्रावर परिणाम होतो. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यावर सांडतो, त्यावर भुसा आणि आपल्याकडची बारीक धूळ बसते, आणि दांडा आत जाताना हा खरखरीत लेप ऑइल सील झिजवून टाकतो. काही आठवड्यांत तिथून तेल पाझरू लागते. संध्याकाळी गाडी आवरताना मऊ फडक्याने दांडे पुसणे हे दहा मिनिटांचे काम आहे. रेडिएटरच्या जाळीत पाला आणि हवेच्या गाळणीत भुसा अडकतो, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात इंजिन तापते. त्याच उन्हात हायड्रॉलिकचे तेल पातळ होते, म्हणून उत्पादकाने उष्ण प्रदेशासाठी सांगितलेल्या दाट प्रतीचेच तेल घालावे. रबरी नळ्यांवर बारीक तडे दिसू लागले की त्या बदलाव्यात, फुटण्याची वाट पाहू नये. आणि गळती शोधायला बोट कधीही फिरवू नये, कारण सुईइतक्या छिद्रातून दाबाखाली सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते, जखम क्षुल्लक दिसते आणि पुढे बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून डाग कुठे उमटतो ते पाहावे.

रोज सकाळी पाळणा जमिनीलगत रिकामा असताना सगळ्या हालचाली एकदा करून पाहाव्यात. सांध्यांतल्या खिळी आणि त्यांच्या अडकण्या, पाळणा सपाट ठेवणारी साखळी किंवा दांडी, जॅक टेकल्याशिवाय हात उचलू न देणारे कुलूप, आणि पट्टा अडकवण्याची कडी, इतके पाहायला पाव तास पुरतो. पाळण्याची क्षमता बहुधा दोनशे किलोंच्या आसपास असते. दोन माणसे, करवत आणि दोर यांतच ती संपते, म्हणून कापलेली फांदी पाळण्यात ठेवणे किंवा हाताला दोर बांधून ओंडका उतरवणे वर्ज्य. पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने गाडी आवारात उभी राहते, आणि सील सुकतात, बॅटरी उतरते, उंदीर तारा कुरतडतात. पंधरवड्यातून एकदा हात पूर्ण उघडून मिटवला तर हे टळते. इंग्लंडात माणसे उचलणाऱ्या यंत्रांची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून संपूर्ण तपासणी करण्याचा १९९८ पासूनचा नियम आहे. आपण तो आपणहून लावून घेण्यास अडचण नाही, कारण चिकलठाणा आणि वाळूज इथे वाहनउद्योगाने घडवलेले हायड्रॉलिकचे कारागीर, नळ्या दाबून देणारी दुकाने आणि जोडणीतले तडे तपासणारी साधने हाताशी आहेत. मराठवाड्यातल्या फार थोड्या शहरांना ही अनुकूलता लाभली आहे, आणि दुरुस्तीच्या वार्षिक कराराची रक्कम गाडीच्या किमतीबरोबरच मंजूर करून घेतली तरच तिचा उपयोग होईल.

एक तरतूद मात्र अंदाजपत्रकात पैशांनी होत नाही, तिला सराव लागतो. वर इंजिन बंद पडले, किंवा पाळण्यातल्या माणसाला उन्हाची भोवळ आली, तर खालच्या माणसाने हातपंपाने किंवा आणीबाणीच्या झडपेने पाळणा उतरवायचा असतो. ती झडप कुठे आहे आणि कोणत्या क्रमाने फिरवायची, हे त्या दिवशी गाडीबरोबर आलेल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पट्ट्याला लटकलेला बेशुद्ध माणूस थोड्याच मिनिटांत दगावू शकतो. अग्निशमन दलाची गाडी पदमपुऱ्याहून निघून येईपर्यंत तेवढा अवधी त्याच्यापाशी नसतो. एप्रिलमध्ये, छाटणीचा हंगाम सुरू होण्याआधी, आमखास मैदानावर उद्यान विभागाचे, महावितरणचे आणि ठेकेदारांचे लोक एकत्र बोलवावेत, पाळण्यात माणसाऐवजी वाळूची पोती ठेवावीत, इंजिन बंद करावे, आणि प्रत्येकाकडून एकदा तरी पाळणा हाताने खाली उतरवून घ्यावा.